जोडीतला एक

माझ्या दादाला त्या बावीस मजली इमारतीत सगळे घुम्या म्हणायचे, शिपायापासून मॅनेजरपर्यंत. हाक मारली तर वळायचा नाही, विचारलं तर उत्तर द्यायचा नाही, दिलंच तर दोन शब्द. लोकांना वाटायचं, माणूस शिष्ट आहे. वाटू दे! शिष्ट म्हटलेलं परवडतं, बहिरा म्हटलेलं परवडत नाही. लिफ्टच्या कामात तर मुळीच नाही.

दादा अकरा वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि तापाबरोबर दोन्ही कान गेले. उजव्यात थोडं उरलं, तेही शेजारी पातेलं आपटलं तर कळेल एवढंच. मी सात वर्षांची होते. आईनं हाक मारली की मी त्याला कोपरानं ढोसायचे. पुढे तो ओठ वाचायला शिकला, तोही माझ्याच तोंडासमोर बसून. मी पहिल्यापासून बडबडी, त्याचा निदान एवढा तरी उपयोग झाला.

लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी आमच्या ह्यांना हे सांगून टाकलं. हे तेव्हा लिफ्ट दुरुस्तीची कंत्राटं घ्यायचे. ऐकून म्हणाले, "मग दादांना माझ्याबरोबर पाठव." ना कसली चौकशी, ना उपकाराची भाषा. मला त्या दिवशी हा माणूस जो आवडला तो आवडलाच.

दोघांनी त्या बावीस मजल्यांत एकवीस वर्षं काम केलं. हे वर गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, दादा खाली लिफ्टच्या टपावर उभा. लिफ्ट ज्या लोखंडी रुळांवरून चालते त्या रुळावर हे वरून पाना ठोकायचे. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. दादा तळहात रुळावर ठेवून उभा असायचा, त्याला ठोका हातात कळायचा. आणि मोटारीवर नुसता हात ठेवून सांगायचा, "बेअरिंग जाणार, पंधरा दिवस राहिलेत." कान शाबूत असलेल्यांना जे कळत नव्हतं ते ह्याला कळायचं! एकवीस वर्षांत ना कुणाचं बोट चेमटलं, ना कुणी लिफ्टमध्ये तासभर अडकलं. हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. म्हणजे, सांगितलं असतं.

मग इमारतीचे मालक बदलले. नव्या मॅनेजरला कंत्राटी माणसं नकोत, सगळी आपली हवीत. "मिस्त्री, किती दिवस बाहेरचे राहणार? आता घरचे व्हा," असं रोज गोड बोलायचा. ह्यांनी हसण्यावारी नेलं. आपल्या वेळेला जायचं, आपल्या मनानं काम करायचं, वर कुणी साहेब नाही, ह्याची ह्यांना सवय. मग गोडी संपली. वर्षाचा प्रवेश पास आठवड्यावर आला, दर सोमवारी दोघं गेटवर तास तास ताटकळत उभे. शेवटी मॅनेजरनं सांगितलं, महिनाअखेर दोघांनी कायम नोकरीचा अर्ज भरायचा, नाहीतर काम दुसऱ्यांना.

आता खरं सांगते. हे तयार नव्हते, दादा तर नव्हताच. भरीला घातलं ते मी. पगारी रजा, विमा, म्हातारपणी चार घास, सगळं मी ह्यांच्यापुढे रोज वाचत होते. दादा म्हणाला, "माझं सोड गं, मी लिफ्टच्या डोक्यावर बरा आहे." मी म्हटलं, "तू नाही गेलास तर हेही जाणार नाहीत. आणि ह्यांचे गुडघे बघ, किती वर्षं जिने चढणार आहेत हे?" दादानं माझ्याकडे पाहिलं आणि अर्ज भरला. माझा शब्द त्यानं कधी मोडला नाही, हीच तर सगळी रड आहे.

अर्जाबरोबर वैद्यकीय तपासणी होती. डोळे, रक्त, छाती आणि कान. आमची तिघांची रात्रंदिवस खलबतं. हे म्हणाले, नको, सांगून टाकू. दादाच म्हणाला, "मशीनचाच आवाज ना? मशीनचा आवाज मला हातात कळतो. टेबलावर हात ठेवीन." आम्हाला पटलं! एकवीस वर्षं जे डोळ्यांनी पाहिलं ते न पटायला काय झालं? शहाण्यासुरत्या माणसांनी लहान पोरांसारखा विचार केला.

तपासणीला मी बाहेरच्या बाकावर होते. काचेच्या छोट्या खोलीत दादाला बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. दादानं दुसरा हात टेबलावर पसरून ठेवला. आवाज हेडफोनमध्ये, टेबलात काय येणार, कपाळ! थोडा वेळ तो तसाच बसला. मग त्याचा चेहरा पडला, मला काचेतून दिसला. आणि मग तो दाबायला लागला. थोडं थांबून दाबायचा, पुन्हा थांबून पुन्हा, अगदी ऐकू येत असल्यासारखा मान हलवत. मला वाटलं, जमलं. मी तिथे बसून देवाचे आभार मानले हो.

अहवालात लिहिलं होतं, दोन्ही कान निकामी. त्याच्याखाली लिहिलं होतं, आवाज नसताना सदतीस वेळा बटण दाबलं. नुसता बहिरा निघाला असता तर घरी पाठवलं असतं. हा लपवणारा निघाला.

दोघांना ऑफिसात बोलावलं. मॅनेजर ह्यांना म्हणाला, "मिस्त्री, तुमचा अहवाल स्वच्छ आहे, पत्र तयार आहे. फक्त एक सांगा. हा माणूस एकवीस वर्षं तुमच्याबरोबर होता. तुम्हाला माहीत होतं?" माहीत असेल तर दोघंही बाहेर, आणि कारण लेखी जाणार, म्हणजे दुसऱ्या कुठल्या इमारतीतही पाऊल ठेवायला नको. हे मला नंतर म्हणाले, "मी हो म्हणणारच होतो. तोंड उघडलं होतं." असेलही. मी विचारत नाही.

दादा मॅनेजरचे ओठ वाचत बसला होता. ह्यांचं तोंड उघडण्याआधी तो बोलला. "ह्यांना माहीत नव्हतं. मी फसवलं." मॅनेजरनं कागद पुढे केला. दादानं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, मी माझं बहिरेपण माझ्या मेव्हण्यांपासून लपवलं. खाली साक्षीदार म्हणून ह्यांची सही घेतली. ह्यांनी केली. संध्याकाळी गळ्यात नवं ओळखपत्र घालून हे घरी आले आणि बूट न काढता तसेच जमिनीवर बसले. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

दादा आता एका गोदामात खोकी बांधतो. त्या हातांनी खोकी बांधतो. सगळ्या इमारतींमध्ये बातमी पोचली आहे, कुणी दारात उभं करत नाही. आमच्याकडे येणं त्यानं बंद केलं. तीन रविवार वाट पाहिली आणि चौथ्या रविवारी डबा भरून मीच त्याच्या खोलीवर गेले. लग्न त्यानं केलं नाही, एक खाट, एक खुर्ची, एक शेगडी. मला खुर्चीवर बसवून तो नेहमीसारखा समोर बसला, माझं तोंड नीट दिसेल असा.

मी रडायला लागले. म्हटलं, "दादा, माझ्यामुळे झालं. तू ह्यांच्यासाठी खोटं लिहून दिलंस."

"खोटं कसलं?" तो म्हणाला. "त्यांना माहीत नव्हतं."

"अरे, माझ्याशी तरी खरं बोल!"

"तुलाही माहीत नव्हतं."

मी त्याचे कान होते, मला माहीत नव्हतं?

"सहा महिने त्यांची नोकरी कच्ची आहे," तो म्हणाला, अगदी हळू, समजावल्यासारखा. "चौकशी चालू आहे. माझ्याकडे परवा ऑफिसातला एक जण येऊन गेला. तुमच्याकडेही येईल. तू बडबडी, तुझ्या तोंडून निघून जाईल. म्हणून आत्ताच म्हण. माझ्यासमोर म्हण."

"मी नाही म्हणणार."

"म्हण गं."

मी सांगितलं ना, त्यानं माझा शब्द कधी मोडला नाही. मीही त्याचा मोडला नाही. "मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. रडण्यानं ओठ थरथरत होते, त्याला वाचता आलं नाही. म्हणाला, "पुन्हा. नीट."

मी डोळे पुसले आणि त्याला कळेल असं एकेक अक्षर सुटं करून पुन्हा म्हटलं.