भोकं कोणी बुजवायची?

श्रीरंगदादाने माझ्या कपाळावर तपकिरी चिकटपट्टी लावली. अंगठ्याने दाबून, नीट बसवून. मग मागे सरून बघितलं आणि म्हणाला, "वा! रंग अगदी जुळला. लावलीय की नाही ते कळतसुद्धा नाही."

सगळे हसले. त्याची बायको, अनुराधावहिनी, इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला.

मीही हसले.

पट्टी काढायला हात वर नेला, तर वहिनी म्हणाली, "असू दे गं. छान दिसतेय." मी हात खाली घेतला. ती पट्टी कपाळावर घेऊन उरलेली सकाळ खेळले, त्यांच्याच गाडीतून खोबरला परत आले, लिफ्टमध्ये हॉस्पिटलच्या लोकांसमोर उभी राहिले. खोलीत माझी रूममेट जिन्सी म्हणाली, "ये क्या लगाया है?"

"मजाक," मी म्हटलं.

"किसका?"

मी आरशासमोर जाऊन पट्टी ओढून काढली.

हे सौदीतलं आहे, आत्ताचं. हसणारे सगळे शिकलेले, मोठ्या गाड्यांतून फिरणारे, मुलांना इंग्रजी शाळेत घालणारे. तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करायचे. हे सांगताना करणार नाही.

श्रीरंगदादा दम्मामच्या एका कंपनीत मोठा मॅनेजर. मी शेजारच्याच खोबर शहरातल्या खासगी हॉस्पिटलात डायलिसिस टेक्निशियन. मराठी लोकांच्या एका जेवणात ओळख झाली आणि तो म्हणाला, "शुक्रवारी रिकामी असतेस ना? चल आमच्याबरोबर पिस्तूल चालवायला." दम्मामच्या बाहेर वाळवंटात क्लब आहे. पिस्तूल क्लबचं, भाड्याने. आम्हा परदेशी लोकांना घरी नेता येत नाही.

पहिल्याच दिवशी मी या खेळाच्या प्रेमात पडले. वाळूच्या बांधांमध्ये लाकडी भिंती, दारं, खिडक्या उभ्या केलेल्या असतात. त्यांच्या आडून पुठ्ठ्याची टारगेटं डोकावतात, मध्येमध्ये लोखंडी पत्रे. टायमरने बीप केलं की पिस्तूल काढायचं आणि धावायचं, वळायचं, वाकायचं, मारायचं. वेळही मोजतात, नेमही. पत्रा टण्णकन पडतो तेव्हा पोटात गुदगुल्या होतात. खेळण्याआधी सगळे जण रिकाम्या हाताची बोटं रोखून, पुटपुटत त्या भिंतींमधून फिरतात. कुठे थांबायचं, कुठे मॅगझिन बदलायचं, ते पाठ करत. लांबून बघणाऱ्याला वाटेल, वेड्यांची सहल आलीय. एकदा दादा मोठ्या ऐटीत धावत सुटला आणि शेवटचं टारगेट विसरून तसाच परत आला. आम्ही पोट धरून हसलो, तोही हसला. ते शुक्रवार खरंच मजेचे होते. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

एका शुक्रवारी वहिनीने विचारलं, "गाव कुठलं गं तुझं?" मी सांगितलं, चिपळूणजवळचं. ती एकदम खूश. तिचं माहेर तिकडचंच.

"अगंबाई! कुठली वाडी?"

कोकणात नुसत्या गावावरून काही कळत नाही. वाडीवरून सगळं कळतं.

"बौद्धवाडी."

"हो का," ती म्हणाली, आणि पोह्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

पुढच्या शुक्रवारपासून माझ्यासाठी कागदी बशी आली. बाकीचे आधीसारखेच एका डब्यातून खात होते. मी बशी घेतली, खाल्लं, बशी कचऱ्यात टाकली. माझी एखादी फेरी चांगली गेली की दादा म्हणायचा, "इथे कोटा नाही हं, टायमर आहे. तरी जमतंय हिला." त्याच्या ऑफिसातला कामत यावर दर वेळी नव्याने हसायचा.

आणि भोकं. पुठ्ठ्याला गोळीचं भोक पडलं की त्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे पुढच्याची भोकं वेगळी मोजता येतात. पुठ्ठा तपकिरी म्हणून पट्टी तपकिरी. नियम असा की अधिकाऱ्याने गुण लिहिले की गटातल्या सगळ्यांनी मिळून चिकटवायचं, पडलेले पत्रे उभे करायचे. नुकताच खेळलेला तेवढा मोकळा, त्याने दम घ्यायचा. आमच्या गटात ते काम हळूहळू माझ्या एकटीचं झालं. वहिनी आधी म्हणायची, "तू चपळ आहेस गं." मग म्हणायला लागली, "तुला सवय आहे." मग म्हणायचंही सोडलं. नुसता पट्ट्यांचा रोल माझ्याकडे फेकायची. स्वतःचं खेळून झालं तरी मी धापा टाकत पुठ्ठ्यांकडे जायचे. बाकीचे सावलीत.

का सहन केलं? मला रियाधला जायचं होतं म्हणून.

रियाधला क्लबांचे सामने होते. चार जणांचा संघ. दादा, कामत आणि मुबीनभाई हे तिघे ठरलेले. मुबीनभाई रत्नागिरीचा, दम्माममध्ये सेफ्टी शूजचा व्यापारी. चौथ्या जागेसाठी वहिनी आणि मी. दादाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "शेवटच्या सराव सामन्यात दोघींत जी वर, ती संघात." मला आयुष्यात कोणी कुठल्या संघात घेतलं नव्हतं. शाळेत कबड्डीला घ्यायचे नाहीत. अंगाला अंग लागतं.

मी वेड्यासारखी तयारी केली. खोलीत पिस्तूल कुठून येणार? केस वाळवायचा ड्रायर घेतला. कमरेला पट्टा बांधून, त्यातून ड्रायर उपसून भिंतीवरच्या खुणांवर रोखायचा. जिन्सी पलंगावरून बीप म्हणायची आणि वायर पायात अडकून मी पडले की उशीत तोंड खुपसून हसायची. ड्युटीवर मशीनजवळ उभी असताना मनात दारं, खिडक्या, टारगेटं चालू असायची. ती एक जागा मला हवी होती. तिच्यासाठी मी कागदी बशी गिळली, कपाळावरची पट्टी गिळली.

सामन्याचा दिवस. शेवटची फेरी उरली तेव्हा मी वहिनीच्या पुढे होते. आधी माझी पाळी, लगेच तिची. मी पट्टा घट्ट करत होते, तेवढ्यात अबू नासर शेजारी आला. हा तिथला सौदी अधिकारी, टायमर त्याच्या हातात असतो. माणूस खुशीत होता.

"तुमारा मुदीर बहोत अच्छा नफर," तो दादाकडे बोट दाखवून म्हणाला. "अपना शगाला को भी खेलने देता."

मुदीर म्हणजे साहेब, नफर म्हणजे माणूस, शगाला म्हणजे घरकामाची बाई.

मी म्हटलं, "मैं शगाला नहीं. मैं हॉस्पिटल में काम करती."

त्याने खांदे उडवले. "वो बोला, ये हमारा घर का काम वाला. टारगेट भी यही करेगा."

त्याला त्यात काहीच वाटलं नाही. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. शगाला असण्यात कमीपणा नाही. माझ्या आईने चिपळुणात लोकांची भांडी घासली. पण तिला त्याचा पगार मिळायचा, आणि तू आमच्या संघात आहेस, असं सांगून तिच्याकडून कोणी घासून घेतली नव्हती. मला गाडीतून आणलं, "तरुण रक्त" म्हणून पाठ थोपटली, आणि पाठीमागे अधिकाऱ्याला सांगून ठेवलं की ही आमची मोलकरीण. त्या क्षणी सगळं उघडं पडलं.

"आर यू रेडी? स्टँडबाय."

बीप.

मी इतक्या थंड डोक्याने कधीच खेळले नव्हते. एकही गोळी वाया गेली नाही. अबू नासरने गुण लिहिले, सवयीने हवेत "यल्ला, पेस्ट!", म्हणजे चला, चिकटवा, असं म्हणाला आणि पाठ फिरवून सुरुवातीच्या रेषेकडे चालू लागला.

माझं खेळून झालं होतं. मी दम घ्यायला मोकळी होते. मी सावलीत गेले आणि वहिनीच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

कोणी उठलं नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. दादा फोनवर, कामत चहावर. मुबीनभाईने एकदा पुठ्ठ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घातली. भोकं कधी बुजवलीच नव्हती यांनी, तर ती बुजली आहेत का हे बघायची सवय तरी कुठून असणार? पडलेले पत्रे तेवढे अबू नासरने वाटेत दोरी ओढून उभे केले. वहिनी ऐटीत रेषेवर जाऊन उभी राहिली.

मला दिसत होतं. मी तोंड उघडलं नाही. मला मजा येत होती, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

ती जन्मात खेळली नसेल इतकं चांगलं खेळली. शेवटचा पत्रा पडला तेव्हा दादाने टाळ्या वाजवल्या. मग अबू नासर गुण मोजायला पहिल्या पुठ्ठ्यापाशी गेला आणि थांबला. दुसऱ्यापाशी गेला. माझी भोकं आणि तिची भोकं एकत्र. कुठलं कोणाचं, कोणी सांगावं?

"खलास," तो म्हणाला. "ये नहीं चलेगा. फिर से खेलो."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. "हिने मुद्दाम केलं! बसलीय बघा माझ्या खुर्चीत!"

दादा माझ्यावर धावून आला. "पट्ट्या का नाही लावल्यास? तुझं काम होतं ते!"

"माझं काम कसं? मी आत्ता खेळले. नियमाने तुम्ही लावायच्या."

"नियम मला शिकवतेस? तुला घेतलंय कशाला मग आम्ही?"

तो हे मोठ्याने बोलला. सगळ्यांनी ऐकलं. मी खुर्चीतून उठले नाही.

"हेच ऐकायचं होतं," मी म्हटलं. "आता लावा पट्ट्या."

"तुमच्या लोकांना डोक्यावर बसवलं की हेच होतं," वहिनी म्हणाली.

शेवटी मुबीनभाईने आणि कामतने पट्ट्या लावल्या. कामतला धड चिकटवताही येत नव्हत्या. वहिनी पुन्हा खेळली. निम्मी टारगेटं चुकली. अबू नासरने निकाल वाचला. मी वर होते.

"संघ कॅप्टन ठरवतो," दादा म्हणाला. "चौथी जागा अनुराधाची."

झालं. एवढ्यासाठी एवढं सगळं गिळलं होतं.

पिस्तूल काउंटरवर जमा करून मी बाहेर आले तर गाडी नव्हती. मला टाकून गेले. माझी पिशवी फाटकाजवळ वाळूत भिरकावलेली होती. तिथे टॅक्सी येत नाही. डोक्यावर ऊन आणि समोर नुसती वाळू. मी रडले, दुःखाने कमी आणि संतापाने जास्त. बऱ्याच वेळाने मुबीनभाईची पिकअप परत आली.

"बस गाडीत, बाय," तो म्हणाला आणि पाण्याची बाटली पुढे केली. खोबरला मी उतरताना म्हणाला, "मी सोडलंय ता कोनाला बोलू नको हां. माजा धंदा हाय त्याच्या कंपनीशी."

पाणी त्यानेच दिलं होतं. आभार मानायला माझी जीभ उचलली नाही.

पुढच्या शुक्रवारी मी टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवण्याचे वेगळे पैसे देऊन क्लबवर गेले. रियाधला एकट्यानेही उतरता येतं, क्लबचं सभासद असलं की पुरे. अबू नासरला माझं नाव सांगितलं. तो म्हणाला, "मुदीर को मालूम?"

"वो मेरा मुदीर नहीं है."

त्याने नाव घेतलं.

त्यानंतर दादाचा फोन आला. आवाज गोड. वहिनीने रियाधला यायला साफ नकार दिला होता आणि चौथा माणूस नसेल तर संघ बाद होणार होता. "हे बघ, झालं गेलं विसरून जाऊ. मी मन मोठं करतो. वहिनीला सॉरी म्हण, जागा तुझी. आणि तिथे जरा बाकीचंही बघ, आधीसारखं."

ती जागा. माझ्या हातात ठेवत होता. क्षणभर मोह झाला, खोटं का बोलू?

"नको," मी म्हटलं. "मी रियाधला येतेय. माझं नाव मी दिलंय. तुमच्या संघात नाही, तुमच्यासमोर."

मग खरा आवाज आला.

"माज आलाय तुला. उतरवावा लागेल."

"हो, आलाय," मी म्हटलं. "या रियाधला. उतरवून दाखवा."