उडीचं बटण आणि एक मिशी

बाजाराच्या मागच्या गल्लीत चष्म्याचं दुकान आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध एक फट आहे. फटीला शटर बसवलं म्हणून तिला दुकान म्हणायचं, एवढंच. आत एक टेबल, एक दिवा, एक जुना जाडजूड टीव्ही आणि दोन बायका मावतात. त्यातली टेबलावर वाकलेली ती बटणताई. जुन्या व्हिडिओ गेमचे कंट्रोलर, म्हणजे ज्यांची बटणं दाबून दाबून गुळगुळीत झाली आहेत आणि ज्यांच्यावर घरातल्या तीन पिढ्यांचा राग निघाला आहे असे कंट्रोलर, ती दुरुस्त करते.

बटणताईचं म्हणणं असं की बटणं माणसांसारखीच बिघडतात. एखादं आत जाऊन बसतं आणि रुसल्यासारखं वर यायचं नाव घेत नाही. एखादं वरखाली छान होतं, पण ओ देत नाही. आणि एखादं इतकं उत्साही की न दाबताच काम करून मोकळं. असा प्राणी घरात असला की सगळ्यांची झोप उडते.

कंट्रोलर उघडला की आत एक रबराची चटई असते आणि चटईच्या पोटाला, प्रत्येक बटणाखाली, एकेक काळा ठिपका. तो ठिपका खालच्या हिरव्या पट्टीला टेकला की पडद्यावरचा गडी उडी मारतो. साधी गोष्ट. पण त्या दोघांच्या मध्ये बिस्किटाचा चुरा, केस, घाम आणि देव जाणे काय काय मिळून एक चिकट काळा थर बसलेला असतो. बटणताई त्या थराला 'बालपण' म्हणते. इअरबडला स्पिरिट लावते आणि मोठमोठ्या बाप्यांचं बालपण पुसून कचऱ्याच्या डब्यात टाकते.

दुकानातली दुसरी बाई म्हणजे तिची सासू. सासूबाईंना सुरुवातीला नुसती सोबत म्हणून आणून बसवलं होतं. एक दिवस त्यांनी कंटाळून एक बटण दाबलं, मग दुसरं दाबलं, आणि आता त्यांच्या अंगठ्याखालून गेल्याशिवाय एकही कंट्रोलर दुकानाबाहेर जात नाही. डोळे मिटायचे, कान तिरपा करायचा, आणि दाबायचं. टुक.

"हे ऐकतंय गं, पण मनापासून नाही."

की बटणताईने निमूटपणे पुन्हा स्क्रू काढायचे. तिच्या नवऱ्याचं म्हणणं, आई एवढं लक्ष देऊन माझं कधी ऐकत नाही. त्यावर सासूबाई म्हणतात, "तू आधी टुक तरी नीट वाज."

तर अशा या दुकानात ब्रेकवाले आले. ब्रेकवाले म्हणजे मोटार शिकवण्याच्या शाळेतले शिक्षक. शिकवणाऱ्याच्या बाजूला जो जादा ब्रेक असतो, त्यावर आयुष्यभर पाय ठेवून बसल्यामुळे त्यांचा उजवा पाय कुठेही, म्हणजे अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा, कचकन खाली जातो. चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी वर वळलेली, तेल पाजलेली, दणकट मिशी.

"ताई, उडीचं बटण," ते म्हणाले. "दाबलं की आधी विचार करतं. तोवर पडद्यावरचा बेडूक खड्ड्यात."

बटणताईने नेहमीप्रमाणे कंट्रोलर बंदच ठेवून त्यांच्या हातात परत दिला. "डोळे मिटा आणि खेळा." ही तिची पद्धत. गिऱ्हाइकाचं तोंड काहीही सांगतं, अंगठा खरं बोलतो.

ब्रेकवाले डोळे मिटून खेळू लागले. "हळू... हळू... क्लच अर्धा सोडा... अहो अर्धा! उडी! ब्रेक, ब्रेक, ब्रेक!" आणि पाय कचकन टेबलाला.

"गाडी चालवताय की बेडूक?" सासूबाईंनी विचारलं.

मग हळूहळू प्रकरण बाहेर आलं. ब्रेकवाल्यांना एक थोरले साडू होते. विम्याचे एजंट. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी जेवायला एकत्र, आणि जेवण झालं की जुना गेम लावून दोन बेडकांची शर्यत. दर वेळी थोरले निसटते जिंकायचे. गेल्या खेपेला ब्रेकवाले बोलून गेले की तुमचं उडीचं बटण चांगलं आहे म्हणून जिंकता. शब्दाने शब्द वाढला, दोघांचा हात एकाच वेळी मिशीकडे गेला, आणि पैज ठरली. येत्या रविवारी जो हरेल, त्याने तिथल्या तिथे मिशी उतरवायची.

"लग्नाच्या आधीपासून आहे हो ही," ब्रेकवाले मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "बायकोनेसुद्धा माझा वरचा ओठ पाहिलेला नाही. माझा मलाच आठवत नाही."

हे ऐकल्यावर बटणताई पदर खोचूनच कामाला लागली. जुनी रबरी चटई झिजून कागद झाली होती. तिने ती काढून कात्रीने तुकडे करून टाकली आणि नवी बसवली. पट्टी लख्ख पुसली. सासूबाईंनी डोळे मिटले. टुक.

"आहाहा," त्या म्हणाल्या. "याला म्हणतात बटण. सांगायच्या आत ऐकतंय."

ब्रेकवाले खुशीत शीळ घालत गेले आणि शनिवारी हेल्मेटसकट धावत परत आले. हेल्मेट काढून त्यांनी टेबलावर आदळलं. मिशीची दोन्ही टोकं खाली लोंबत होती.

"ताई, मेलो. बेडूक पहिल्याच खड्ड्यात पडतोय. प्रत्येक वेळी! बायको हसून हसून पलंगावरून पडली."

बटणताईने टीव्ही लावला. "खेळा बघू."

ते खेळले. बेडूक धावत आला, खड्ड्याच्या बराच अलीकडे ऐटीत उडाला आणि बरोब्बर खड्ड्याच्या मधोमध उतरला. डुबुक. पुन्हा. डुबुक. बटणताई बेडकाकडे बघतच नव्हती, ती अंगठ्याकडे बघत होती. आणि एकदम तिने कपाळावर हात मारला.

"अहो, तुम्ही आधीच दाबताय!"

"मी वेळेवर दाबतोय."

"जुन्या बटणाच्या वेळेवर! ते विचार करून उडायचं ना? म्हणून तुमच्या अंगठ्याने इतकी वर्षं आधीच दाबायची सवय लावून घेतली. आता हे लगेच ऐकतंय. बटण बरं झालं, अंगठा आजारीच आहे."

मग ब्रेकवाल्यांनी दोन्ही हात जोडले. "तर मग ताई, माझं बटण परत बिघडवून द्या."

बटणताई उभीच राहिली. आजवर तिला लोकांनी उधळलेली बटणं दिली होती, जळलेली दिली होती, एकाने तर कुत्र्याने चावलेली आणली होती. पण चांगलं केलेलं वाईट करून द्या, असं तोंडावर कोणी म्हणालं नव्हतं. "माझ्या हाताने? मी काय तोंड दाखवू लोकांना?"

"माझं तोंड दिसणार आहे उद्या लोकांना, त्याचा विचार करा!"

सासूबाईंना तर उकळ्या फुटत होत्या. "दे गं करून. आयुष्यभर सुधारतेच आहेस. एक दिवस बिघडवून बघ, मोकळं वाटतं."

बिघडवणं मात्र भलतंच अवघड निघालं. बटणताईने आधी स्क्रू ढिले करून पाहिले. बटण नुसतं खुळखुळलं, पण उडायचं ते लगेचच. बटणाखाली कापूस घातला, तर बेडूक उडेचना. शेवटी तिने चिकटपट्टीचा चंद्रकोरीएवढा तुकडा कापला आणि काळ्या ठिपक्याच्या अर्ध्या भागावर चिकटवला, म्हणजे बटण पार तळाला गेल्यावरच ठिपका टेकावा. डुबुक. तुकडा जरा मोठा केला. डुबुक. जरासा कोरला. बेडूक खड्ड्याच्या काठावर लोंबकळला आणि पलीकडे पडला.

"उडाला!" ब्रेकवाले ओरडले. सासूबाईंनी बटण दाबून पाहिलं आणि नाक मुरडलं. "शी. अगदी घाणेरडं झालंय. छान."

एवढ्यात चष्म्याच्या दुकानासमोरून एक गोड आवाज आला. "समजा, आत कोणी असेल, तर मी येऊ का?"

ब्रेकवाल्यांचा रंगच उडाला. "थोरले!" आणि एवढा मोठा माणूस, पापणी लवते न लवते तोच, कंट्रोलर पोटाशी धरून टेबलाखाली.

थोरले साडू आत आले. मिशी बारीक, कोरलेली, विम्याच्या कागदावरच्या सहीसारखी. त्यांनी आपला कंट्रोलर पुढे ठेवला. "ताई, समजा माझं उडीचं बटण जरा जड झालंय. आणि समजा, आमच्या साडूभाऊंनी त्यांचं दुरुस्त करून घेतलंय, असं कानावर आलंय." बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर गेली. "हे हेल्मेट ओळखीचं वाटतंय."

सासूबाईंनी हेल्मेट उचललं आणि डोक्यात घातलं. "माझंय."

"आई, तुम्ही स्कूटर चालवता?"

"शिकतेय. शिकवणारा मेला फार ओरडतो."

टेबलाखाली कचकन एक पाय आपटला. बटणताईने घाईघाईने खोकल्याची उबळ काढली.

थोरल्यांनी डोळे मिटून खेळून दाखवलं, आणि बटणताईने पाहिलं की याही अंगठ्याला तोच आजार. आता आली का पंचाईत! गप्प राहिली तर टेबलाखालची मिशी वाचते. पण समोरचाही गिऱ्हाईकच होता, आणि गिऱ्हाइकाला फसवून तिला रात्री जेवण गोड लागलं नसतं. हेल्मेटच्या आतून सासूबाई डोळे मोठे करून 'बोलू नकोस' म्हणत होत्या. बटणताई बोलली.

"साहेब, नवं करून घेऊ नका. तुमच्या अंगठ्याला जड बटणाची सवय आहे. हलकं केलं तर बेडूक आधीच उडेल आणि पडेल. उद्या खेळायचं असेल तर आहे तसंच राहू द्या."

टेबलाखालून एक बारीक कण्हणं ऐकू आलं.

थोरले हसले. हप्ता चुकवणाऱ्याची सबब ऐकताना हसतात तसं. "ताई, समजा मी डॉक्टरकडे गेलो. आणि डॉक्टर म्हणाला, बरे होऊ नका, तुम्हाला आजाराची सवय आहे. तर मी काय समजायचं?"

"काय?"

"की डॉक्टरला कोणीतरी आधीच गाठलंय."

बटणताईचे कान लाल झाले, कारण गाठणारा तिच्या चपलेवर बसला होता. "मला कोणी गाठो न गाठो, मी सांगते ते खरं आहे. घरी जाऊन दोन डाव खेळून तरी बघा."

"सराव हरणाऱ्यांनी करायचा. मला नवं, करकरीत बटण पाहिजे. आणि उद्या पंच म्हणून या. साडूभाऊ हरल्यावर कंट्रोलरच्या नावाने रडतील, तेव्हा तुमच्यासारखं माहीतगार माणूस हवं."

मग तिनेही जीव ओतून नवं बटण बसवून दिलं. करायचं तर चांगलंच करायचं. टुक. सासूबाईंनी हेल्मेट वर करून कबुली दिली. थोरले गेले आणि टेबलाखालून ब्रेकवाले रांगत बाहेर आले. डोळ्यांत पाणी, दातांत रुमाल. हसले होते की रडले होते ते त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

रविवारी थोरल्यांच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसले. दोन बहिणी पलंगावर मांडीला मांडी लावून, सासूबाई खुर्चीत, बटणताई मध्ये स्टुलावर. शर्यत सुटली.

डुबुक. थोरल्यांचा बेडूक पहिल्याच खड्ड्यात.

"समजा, हा सराव होता," थोरले म्हणाले. डुबुक. "समजा, हासुद्धा." डुबुक.

तिकडे ब्रेकवाले घामाघूम. "हळू... अर्धा सोडा... उडी!" त्यांचा बेडूक एकेक काठ धरून, लोंबकळत, अडखळत, पण पुढे. शेवटच्या खड्ड्यावर त्यांनी ब्रेक इतक्या जोरात मारला की पलंग सरकला, दोघी बहिणी एकमेकींवर कोसळल्या, आणि बेडूक पलीकडे पोचला होता.

"जिंकलो!" ब्रेकवाल्यांनी दोन्ही हातांनी मिशी धरली, हरवलेलं पोर सापडल्यासारखी. उड्या मारल्या, टीव्हीचा मुका घेतला, सासूबाईंचे पाय धरले.

थोरल्यांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि पंचांकडे पाहिलं. बटणताईने नुसत्या भुवया उंचावल्या.

"समजा," ते म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं." आणि शब्दाचा माणूस सरळ न्हाणीघरात गेला.

बाहेर आले तेव्हा खोलीतलं हसणं टप्प्याटप्प्याने बंद पडलं. थोरले साडू कुठे गेले? दारात एक तरतरीत, कोवळा, हसऱ्या ओठांचा गृहस्थ उभा होता. वय निम्मं. त्यांच्या बायकोने नकळत केस मागे सारले. "चहा ठेवू?" ती म्हणाली, अशा आवाजात की तिची बहीण वळून बघायला लागली.

ब्रेकवाल्यांच्या बायकोने भाऊजींकडे पाहिलं. मग बहिणीकडे. मग सावकाश आपल्या नवऱ्याकडे.

"तुम्हीपण काढा."

"अगं, मी जिंकलोय!"

"हो, अभिनंदन. काढा."

"ताई!" ब्रेकवाले पंचांकडे धावले. "नियम सांगा हिला!"

"मी कंट्रोलरपुरती आहे हो," बटणताई म्हणाली. हसू दाबून दाबून तिच्या बरगड्या दुखायला लागल्या होत्या.

"दोन मिनिटांचं काम," बायको म्हणाली. "माझ्यासाठी." आणि त्या 'माझ्यासाठी'पुढे बिचाऱ्याचा कुठलाच ब्रेक लागेना.

न्हाणीघराचं दार बंद झालं. आतून पाण्याचा आवाज, आणि दबक्या सुरात, "हळू... हळू... अर्धी सोड... अरे अर्धी!"

दार उघडलं. ब्रेकवाले उजेडात आले. वरचा ओठ लांबच लांब, पांढराफटक, भिंतीवरून जुनं कॅलेंडर काढल्यावर खाली जागा दिसते तसा. त्यांनी तो जरा हलवून पाहिला. सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. बायको जवळ गेली, हनुवटी धरून तोंड एकदा डावीकडे फिरवलं, एकदा उजवीकडे फिरवलं, नीट निरखलं, आणि अगदी मायेने म्हणाली,

"वाढवा परत."