पागनीसकाकांचं ‘आजचं’

इंदूरजवळच्या आमच्या शहरात, माधवनगरात राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी शेजारच्या पागनीसांचं दार ठोठावलं आणि तुमचा टेपरेकॉर्डर बिघडलाय, असं सांगितलं. आतून बराच वेळ नुसतं घुंऽऽ येत होतं. दार उघडणारे सडपातळ गृहस्थ शांतपणे म्हणाले, “बिघडला नाही हो. मी बजावतोय. या, बसा.” मी बसलो. काय ऐकायचं ते त्या दिवशी कळलं नाही आणि खरं सांगायचं तर आजतागायत कळलेलं नाही.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. रोज अंघोळ, पूजा आणि मग ‘आजचं’, म्हणजे त्या दिवशीची रचना. मुलानं इंदूरहून आणलेला छोटा कीबोर्ड आणि दोन टेपरेकॉर्डर एवढंच सामान. एकावर कालची कॅसेट लावायची, तिच्या जोडीनं दोन-चार सूर लांबवर धरायचे आणि ते सगळं दुसऱ्यावर भरून घ्यायचं. म्हणजे कालचं आजच्यात, परवाचं कालच्यात. खिडकी उघडीच, त्यामुळे कुकर, कबुतरं, टेम्पो सगळेच आत शिरत. ताल नाही, बंदिश नाही, शब्द तर नाहीतच. सा त्यांनी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणण्यावरून घेतला होता. “लाईट गेली, सा गेला. चला, चहा करून घेऊ,” असं म्हणून ते उठत. गल्लीत घरोघरी नवी नवी केबल आली होती. एका घरात क्रिकेट, दुसऱ्यात फिल्मी गाणी आणि मध्ये काकांचं घुं.

ऐकून झालं की ते विचारत, “काय ऐकू आलं?”

“छान होतं, काका.”

“छान तर समोश्याला म्हणतात, भाई! काय ऐकू आलं, ते बोल ना.”

मला धड काही ऐकूच आलेलं नसे. काकू आतून म्हणत, “त्याला कशाला पकवता? इतकी वर्षं झाली, मला पण नाही समजत.” काका हसत, पण चेहरा उतरलेला दिसे. एका तरी माणसानं ते नीट ऐकावं आणि सांगावं, एवढीच त्यांची भूक होती.

एका गणेशोत्सवात मंडळाच्या मागे लागून त्यांनी अर्धा तास मिळवला. फ्रीगंज वस्तीतल्या सभागृहात शहरातले झाडून सगळे मराठी लोक जमले होते. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला, सूर धरला आणि डोळे मिटले. लोक मात्र गप्पा मारत राहिले. तंबोरे जुळेपर्यंत बोलून घ्यायचं, हा आपल्याकडचा रिवाजच. सगळ्यांना वाटलं, जुळवाजुळव चाललीय. शेवटी मंडळाचे अध्यक्ष, आमच्याच गल्लीतले दिघेसाहेब, वाकून अगदी अदबीनं म्हणाले, “पागनीस, सूर मिळाले असतील तर शुरू करायचं का?”

काकांनी डोळे उघडले. “झालं,” म्हणाले.

टाळ्या पडल्या, त्याही आता कार्यक्रम सुरू होणार म्हणून. परतताना रिक्षात मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या सकाळी घुं नेहमीसारखं सुरू झालं.

पुढच्या थंडीत काका गेले. ‘आजचं’ आटोपून चहाला उठले आणि कोसळले.

तेराव्यानंतर त्यांच्याच बैठकीच्या खोलीत शोकसभा भरली. काकूंनी भाषणं होऊ दिली नाहीत. “त्यांचं शेवटचं लावते,” म्हणाल्या. लोकांना वाटलं, हे श्रद्धांजलीचं मौन आहे. सगळे माना खाली घालून उभे राहिले आणि खाली बसा असं कुणी म्हणेचना. कॅसेटची अख्खी बाजू वाजली. खट् करून थांबली, तेव्हा संपलं की काय, हेही कुणाला उमगेना.

दिघेसाहेबांनी चष्मा पुसला. “वहिनी, त्यात माझी स्कूटर आहे. जुनीवाली. ती तर विकून टाकली मी.”

कुणाला समोरच्या गच्चीवरची कबुतरं ऐकू आली होती, कुणाला भाजीवाल्याची आरोळी. काकू पदराला डोळे पुसत म्हणाल्या, “कुकरच्या मागे मी हाक मारतेय. चहा झाला म्हणून.” मग सगळे एकदमच बोलू लागले. ‘छान’ कुणीच म्हणालं नाही.

मला अगदी तळाशी, सगळ्याच्या खाली, कुणी तरी दार ठोठावत असल्यासारखं वाटलं. खरंच होतं की भास, देव जाणे. पण काकांना सांगण्याजोगं माझ्याकडे पहिल्यांदाच काही होतं. मी त्यांच्या खुर्चीकडे वळलो, तर तिच्यावर पाहुण्यांच्या शाली ठेवलेल्या होत्या.