जंगलातला डबा आणि हळद लावलेलं लिंबू

नोकरीतली मोठी मोठी प्रकरणं आता पुसट झाली, पण झाडीतल्या एका स्टीलच्या डब्याचं प्रकरण काही केल्या विसरत नाही. मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, तरी ते माझ्यासोबत घरी आलं.

तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, वन विभागाच्या झाडीत एक माणूस मोबाईल बघत फिरायलाय. जुन्या प्रार्थनाघराच्या जागेवर. गुप्तधनाचंच काम दिसतंय."

त्या जागी पूर्वी मिशनवाल्यांचं छोटं प्रार्थनाघर होतं. आता तिथं एक दगडही नाही. सगळे गावातल्या गोठ्यांना आणि पायऱ्यांना लागले. पाटलांची पायरीही त्यातलीच. तरी जमिनीखाली सोनं आहे, ही गावाची समजूत पक्की.

माणूस ताब्यात घेतला. कडुनिंबाच्या ढोलीतून डबा जप्त केला. पंचनाम्यात लिहिलं: प्लास्टिकचा बेडूक एक, गोट्या चार, शिसपेन्सिल एक, नावं आणि तारखा लिहिलेली वही एक, हळद लावलेलं लिंबू एक. लिंबू पाहताच दोन्ही पंच मागं सरकले. सह्या त्यांनी डांबरी रस्त्यावर येऊन केल्या.

माणूस विज्ञानाचा शिक्षक निघाला. शिक्षणसेवक म्हणून त्याची वर्षं भरत आली होती. कायम झाल्याचा आदेश त्याच आठवड्यात निघणार होता.

"वहीतली नावं कुणाची? बळी द्यायचेत का यांचे?" मी दरडावलं.

"साहेब, खेळ आहे हा. मोबाईलवर जागेचे आकडे मिळतात. डबा हुडकायचा, वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. जगभर खेळतात."

"जगात एवढी जागा असताना," आमचे हवालदार म्हणाले, "आमच्याच हद्दीत का मराय आलास?"

"डबा मीच ठेवलाय, साहेब. इथं प्रार्थनाघर होतं, हे पोरांना कळावं म्हणून."

"आणि लिंबू?" मी विचारलं.

"ते मी न्हाय ठेवलं, साहेब. मी पितळी घंटी ठेवली होती. तीच गायब हाय."

मला ती पळवाट वाटली. आणि तिथंच माझ्या हातून ती चूक झाली. स्टेशन डायरीत नोंद होण्याआधीच मी त्याच्या मुख्याध्यापकांना फोन लावला, "तुमचा मास्तर गुप्तधनात सापडलाय." खरं सांगतो, त्या वाक्यात तपास कमी आणि ऐट जास्त होती.

दुपारी त्याला घेऊन पुन्हा जागेवर गेलो. झाडीतून शेळ्या आल्या, मागून एक म्हातारी. पुढच्या शेळीच्या गळ्यात काहीतरी किणकिणत होतं.

मास्तर ओरडला, "साहेब, तीच घंटी!"

"आजी, ही कुठं मिळाली?" मी विचारलं.

"त्या ढोलीतल्या डब्यात. देवाची जागा हाय ती. ही द्वाड शेळी सारखी हरवती, म्हणून घेतली."

"आणि लिंबू तुम्ही ठेवलं?"

"मग? देवाचं फुकट उचलू व्हय? तुमी उचलता का, सायब?"

हवालदार एकदम झाडाचा शेंडा न्याहाळू लागले.

मास्तरला सोडलं, डबाही परत केला. पण फोनवरचं वाक्य कुठून परत आणणार? दुसऱ्या दिवशी गणवेशात शाळेत गेलो आणि प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर चूक कबूल केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला मान वर करवेना. आदेश निघाला, पण संस्थाचालकांची खातरजमा होईपर्यंत दोन महिने रखडून. गावानं 'गुप्तधन मास्तर' हे नाव ठेवलं ते कायमचंच. तो हसून ओ देतो. मला अजून हसू येत नाही. समोरचा खोटं बोलतो का, हे ओळखायला मला खात्यानं शिकवलं होतं. मला काय ऐकायची घाई झाली आहे, हे ओळखायला मात्र त्या म्हातारीनं शिकवलं.

निवृत्तीनंतर एकदा तिथं गेलो. मास्तरनं डबा पुन्हा ढोलीत ठेवला होता. वहीत नाव लिहिलं, हुद्दा लिहिला नाही. काहीतरी ठेवायचं म्हणून नोकरीतली शिट्टी ठेवली. पंधरा दिवसांनी पुन्हा डबा उघडला, तर शिट्टी नव्हती. हळद लावलेलं ताजं लिंबू होतं. पलीकडच्या उतारावर शिट्टी वाजत होती, आणि शेळ्या आमच्या हजेरीपेक्षा सरळ रांगेत चालल्या होत्या.