न हसणाऱ्या साहेबाचं काम

"हसा बघू," डॉक्टर म्हणाले. मी हसलो आणि त्यांनी माझ्यासमोर आरसा धरला. उजवी बाजू हसत होती. डावी मात्र दोरीवरच्या ओल्या चादरीसारखी लोंबत होती.

"बेल्स पाल्सी," ते म्हणाले. म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूची नस सुजते आणि ती बाजू लुळी पडते. अर्धांगवायू नाही, हे ऐकून जीव भांड्यात पडला. "बहुतेकांचं परत येतं. तुमचं कधी आणि किती येईल, ते आज नाही सांगता येणार."

खरं तर मी आदल्याच दिवशी जायला हवं होतं. सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळालं, तेव्हा माझी बायको सुमन म्हणाली, "आवो, सकाळी सकाळी नकला नगा करू." गिरणीच्या ऑफिसात तर टाळ्या पडल्या. त्यांचंही बरोबर होतं. नवी पेठेतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत मी पंधरा वर्षं तोंड वेडंवाकडं करूनच लोकांना हसवत आलो. तुमच्या घरात असा कुणी गमत्या असेल, तर त्याचं तोंड वाकडं दिसताच आधी डॉक्टरकडे न्या. हसायचं ते नंतर.

गोळ्या सुरू झाल्या. डोळा मिटत नव्हता, म्हणून झोपताना त्याला चिकटपट्टी. रोज इस्पितळात फिजिओथेरपी, म्हणजे विजेचे हलके झटके आणि चेहऱ्याचे व्यायाम. फुगा फुगवायला देत, पण वारा ओठातूनच निसटायचा. बाकावरची हात मोडलेली म्हातारी ओरडायची, "फुक की जोरात, बाबा!"

गणपती महिन्यावर आले होते. चेहराच गेला तर आपल्याकडे उरलं काय, या विचारानं मी रडायचो. रडतानाही तोंड अर्धंच हलायचं.

माझा मेहुणा वसंता दोन वर्षं इंग्लंडात कारखान्यात काम करून आला होता. तिथल्या टेलिव्हिजनवर दर आठवड्याला लागणारी विनोदी मालिका त्याला तोंडपाठ. सोलापुरात तेव्हा टेलिव्हिजन नव्हताच, त्यामुळे आम्ही ती त्याच्या तोंडूनच पाहिली. माणसं ठरलेली. एक घमेंडखोर साहेब. दर वेळी तेच वाक्य म्हणणारा घाबरट कारकून. साहेबाची बायको, जिचा फक्त आतून आवाज येतो, ती कधीच दिसत नाही. आणि कितीही गोंधळ झाला, तरी पुढच्या आठवड्यात सगळं पुन्हा होतं तसं. हे शेवटचं मला फार आवडलं.

त्याच धर्तीवर वसंतानं मंडळासाठी नाटुकलं लिहिलं आणि साहेबाचं काम मला दिलं. "दाजी, काय बी झालं तरी साहेबानं हसायचं न्हाय. म्हणून तर लोक हसत्यात. असला चेहरा मला साऱ्या सोलापुरात गावला नसता." मला आधी राग आला, मग अर्धं हसू.

प्रयोगाला सुमन बायकांत पुढे बसली होती. लोक पोट धरून हसत होते, मी ताठ. शेवटी कारकुनावर अख्खं कपाट कलंडलं आणि तिसऱ्यांदा त्याचं तेच वाक्य खालून आलं, "साहेब, सगळं ठीक हाय!" माझ्या डाव्या गालात काहीतरी ओढल्यासारखं झालं. साहेब हसला.

"आवो! दोन्ही बाजूंनी हसलात की!" सुमन प्रेक्षकांतून ओरडली.

लोकांना वाटलं, हीच ती साहेबाची न दिसणारी बायको. टाळ्या थांबेनात. नाटक मी पार बिघडवलं होतं, पण वसंता विंगेत डोळे पुसत उभा होता.

डावी भुवई अजून जरा आळशी आहे. डॉक्टरांचे आणि त्या म्हातारीचे उपकार मी विसरणार नाही. घरी मात्र एक गोष्ट कायमची बदलली. मी नक्कल करायला तोंड वाकडं केलं, की सुमन आधी दोन्ही बाजू नीट तपासते आणि मगच हसते.