आमच्या बंद खाणीतला संप

शूटिंग आटोपलं की युनिटवाले लाइट उतरवतात, वायरी गुंडाळतात आणि निघून जातात. किस्से मात्र मागे राहतात, आणि टपरीवर चहा प्यायला बसलं की त्यात रोज एक वाढतोच! गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे कोळसा खाणीतल्या संपावरचा सिनेमा झाला. मी बालाघाटकडच्या किरनापूरचा, मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकांत कामं केलेला माणूस. म्हणून माझ्याकडे दोन कामं आली: नटांना आमची बोली शिकवायची आणि सीनसाठी गर्दी जमवायची.

आता बालाघाटात कोळसा कुठला? इथे मँगनीज. पण दिग्दर्शिका मॅडम म्हणाल्या, "काळं आहे ना? बास!" एका बंद पडलेल्या खाणीवर सेट लागला, आणि गर्दीत उभे राहिले तिथेच उमर काढलेले लोक.

*

पहिल्या दिवशी मेकअपवाल्यानं सगळ्यांची तोंडं छान, एकसारखी काळी केली. देवाजीकाका रिटायर्ड खाण कामगार. त्यांनी आरशात पाहिलं आणि गमछानं सरळ कपाळ पुसून टाकलं.

"अरे काका, क्या कर रहे हो!"

"बाबू, आत घाम येते. माणूस तो पुसते. कपाळ असं भरलेलं रायतच नाई."

मॅडमनी सगळ्यांचा मेकअप पुन्हा करायला लावला. मेकअपवाला बिचारा काकांजवळ येऊन म्हणाला, "पहले कभी मेकअप का काम किया है क्या?"

"हौ! तीस वर्षं. लावाचं काम खाणीचं, काढाचं काम बायकोचं."

*

हिरॉईन मुंबईची. मी तिच्याकडून आठवडाभर 'काहून' आणि 'मले-तुले' घोटून घेतलं. एक दिवस तिच्या फोनला रेंज नव्हती, म्हणून माझ्या फोनवरून तिनं आईला लावला. "काहून व माय, काय करून राह्यली?"

पलीकडून आई म्हणाली, "राँग नंबर!" आणि फोन ठेवला.

पोरगी उड्या मारत आली. "सर, मी पास झाले!"

*

खाणीच्या मॅनेजरचं काम करणारा समीर फार सालस मुलगा. सेटवर आला की आधी बायांच्या पाया पडायचा. आणि सीन असा की, संपावर बसलेल्या बायांनी त्याची गाडी अडवायची आणि त्याला शिव्यांची लाखोली वाहायची!

गोदामाय सगळ्यात पुढे. गावात तिच्या तोंडाला कोणी लागत नाही, म्हणून मीच तिला पुढे उभं केलं होतं. ॲक्शन झालं. ती गाडीसमोर गेली, कमरेवर हात ठेवला, डोळे वटारले आणि ओरडली, "काहून रे, मेल्या... सकाळपासून काई खाल्लं का नाई?"

खडूस मॅनेजर गाडीतच हसायला लागला. हसता हसता रडला. त्याची आई गेली त्याला वर्षही झालं नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं.

*

संप लांबतो, घरातलं धान्य संपतं, बाई चुलीवर नुसतं पाणी ठेवते, असा एक सीन होता. भांड्यात कॅमेरा डोकावणार. पण दरवेळी डोकावला की आत तांदूळ! सेटवरचं सामान सांभाळणारा प्रॉपर्टीवाला भांडं रिकामं करायचा, टेक व्हायचा, पुन्हा मूठभर तांदूळ!

शेवटी मॅडम चिडल्या. "कोण टाकतंय?"

गोदामाय पुढे आली. "मी पयल्यांदा टाकले. बाकीचे कोणं टाकले, मले का मालूम?" बाकीच्या बाया जमिनीकडे बघत उभ्या.

"अहो, पण तिच्याकडे धान्य नाहीये!"

"तिच्याकडं नसन. आमी शेजारी हावो ना!"

मॅडमनी स्क्रिप्ट मागवली आणि तो सीन तिथेच बसून नव्यानं लिहिला.

*

शेवटचा सीन. संप मिटतो आणि खाणीत ठाण मांडून बसलेले कामगार बाहेर येतात. खाणीच्या तोंडाशी त्यांच्या बायका उभ्या. मॅडमनी सांगितलं, आपापला माणूस दिसला की पुढे जायचं.

त्या बायांमध्ये पार्बताबाई होत्या. याच खाणीत छत बसलं तेव्हा त्यांचा नवरा आत राहिला, त्याला खूप वर्षं झाली. मी म्हटलं होतं, मावशी, तुम्ही नका येऊ. तर म्हणाल्या, "मले उभं राहाचं हाये."

टेक एका झटक्यात ओके झाला. माणसं बाहेर आली, बाया पुढे गेल्या, कोणी हसलं, कोणी रडलं. मॅडमनी कट म्हटलं. टाळ्या वाजल्या. जेवणाची सुट्टी झाली.

पार्बताबाई जागच्या हलल्या नाहीत. नजर खाणीच्या तोंडाकडे.

"मावशी, झालं. चला जेवाले."

"सगळे आले का?"

देवाजीकाका जेवणाच्या रांगेत उभे होते. त्यांनी हातातली थाळी खाली ठेवली, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि चालत खाणीत गेले. आत, पार अंधारापर्यंत. मग वळले आणि एकटेच सावकाश बाहेर आले.

पार्बताबाईंनी पदर सारखा केला, दोन पावलं पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "किती उशीर केला गा!"

"हौ," काका म्हणाले. "चाल घरी."