फुकटचा परवाना

चष्मा कपाळावर चढवायचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "विचारत नाहीये, सांगतेय." आमच्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या सीनियर नर्सबाईंची रजा अशी मंजूर व्हायची. तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेलच, ज्याच्यापुढे साहेब नुसती मान डोलावतो.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार उत्तरेला, बटाट्याच्या शेतांमधलं आमचं गाव. मी तिथे कॉम्प्युटर सांभाळायला आलो, तेव्हा बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मासे खातोस?" वेंगुर्ल्याच्या माणसाला हा काय प्रश्न झाला? दुसऱ्या दिवशी डब्यात धुरावर सुकवलेली वाम आली. मी तिचं तिरफळं घालून तिखलं करून नेलं. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण भांडं चाटूनपुसून साफ. तेव्हापासून मी घरचा झालो.

बाई मिकमाक, म्हणजे इथल्या मूळच्या. नदी गोठली की बर्फाला भोक पाडायचं आणि खालच्या चिखलात निजलेल्या वामी लांब दांड्याच्या भाल्याने टिपायच्या, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. मोसमातली पहिली वाम आपण खायची नाही, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना द्यायची अशी रीत. बाई स्वतः सत्तरीच्या, पण 'म्हाताऱ्यांना देऊन येते' म्हणत मोटारीत बसायच्या.

एका हिवाळ्यात शिकारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी वॉर्डनने त्यांना नदीवर गाठलं. परवाना नाही म्हणून भाला जप्त केला आणि वर खटला. गंमत म्हणजे मिकमाकांना हे राज्य परवाना फुकट देतं. नुसता अर्ज करायचा.

मी व्हिसावरचा माणूस, कागद पुढे आला की सही करणारा. म्हटलं, "फुकट आहे ना बाई, घेऊन टाका."

"फुकट घेतला तरी मागितल्यासारखंच," त्या उसळल्या. "पोटापुरती शिकार करू, पोटापुरते मासे धरू, असा आमच्या पूर्वजांनी करार केला तेव्हा हे राज्य जन्मलंही नव्हतं. आणि यांनी मला माझीच नदी भेट द्यायची?"

कोर्टाच्या दिवशी मी त्यांना घेऊन जाणार, तर बायको वैतागली. "तू कशाला इन्व्हॉल्व्ह होतोयस यार? आपलं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. मावशींना उबर बुक करून दे." आमच्या गावात कुठली आलीय उबर! मग तिनेच थर्मास आणून हातात दिला. "मावशींच्या चहात साखर जास्त घातलीय."

कोर्टात पाच मिनिटांत सगळं आटोपलं. सरकारी वकिलाने खटला मागे घेतला, भाला परत मिळाला. मी खूश. "सुटलात, बाई!"

"सुटले?" त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी सुटायला आले नव्हते. हा माझा हक्क आहे, एवढं त्यांच्या तोंडून ऐकायला आले होते. नाही म्हणायची हिंमत नाही आणि हो म्हणायची दानत नाही!"

चहा तसाच ठेवून त्यांनी पार्किंगमधूनच वॉर्डनच्या ऑफिसला फोन लावला. "आज दुपारी जुन्या पुलाखाली वामी मारणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय."

वॉर्डन आला. पुलावर थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. पुढे दर हिवाळ्यात हा फोन व्हायचा.

गेल्या शरदात बाई गेल्या. 'हा तुमचा हक्क आहे' हे एक वाक्य त्यांना शेवटपर्यंत कुणी ऐकवलं नाही, याचा मला अजून संताप येतो.

यंदा नदी गोठल्यावर त्यांची भाची भाला घेऊन निघाली, मीही गेलो. बर्फ फोडता फोडता ती एकदम थांबली. "अरे, फोन राहिलाच! माझे हात गुंतलेत. तू लाव."

मी हातमोजा काढून नंबर लावला. ग्रीन कार्ड अजून पेंडिंगच होतं. पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?" मी नाव सांगितलं, आडनावाचं स्पेलिंगही सांगितलं.

"जुन्या पुलाखाली मिकमाक लोक वामी मारतायत."

"बरं. मग?" तो माझ्या प्रश्नाची वाट बघत होता.

"मग काही नाही," मी म्हटलं. "विचारत नाहीये, सांगतोय."